ह्यूस्टन, बर्मिंगहॅम की ग्रेटर नोएडा? दोन जावांनी क्विल्टिंगचं प्रदर्शन कसं निवडलं

पार्श्वभूमी

कोल्हापुरातल्या एका जुन्या पेठेत दोन जावा मिळून गोधड्यांचा धंदा करतात. वाड्याच्या तळमजल्यावर २२ बाय १४ फुटांचा हॉल, त्यात दोन जुकी म्हणजे कारखान्यात वापरतात तशा शिलाई मशिनी, दोन घरगुती, कापायचं एक मोठं टेबल आणि येऊन-जाऊन नऊ बायका. ओळख लपवायची म्हणून पेठेचं नाव देत नाही, दोघींना थोरल्या आणि धाकटी एवढंच म्हणतो, आणि काही रकमा जरा इकडेतिकडे केल्यात. बाकी घडलं ते तसंच. मी सहकारी बँकेच्या कर्जविभागातून निवृत्त झालेला माणूस. त्यांचे हिशेब बघतो, म्हणून या प्रकरणाचा साक्षीदार. एका ठिकाणी साक्षीदार कसला, आरोपीच. ते पुढे येईल.

सुरुवात सासूबाईंच्या वाकळीपासून झाली. गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात, इंग्रजीत क्विल्ट, आणि तिचे थर एकत्र शिवणं म्हणजे क्विल्टिंग. सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत आणि अजूनही दुपारी जुन्या लुगड्यांचे थर पसरून धावदोरा घालत बसतात. सुनांनी त्याचा धंदा केला. गिऱ्हाईक आईच्या, आजीच्या साड्या घेऊन येतं आणि त्यांचीच गोधडी शिवून नेतं. जोडीला बारशाची दुपटी, रुखवतात मांडायच्या लहान गोधड्या. हंगाम गणपती उठले की सुरू होतो तो संक्रांतीपर्यंत. पावसाळ्यात काम थंड, कारण साड्या धुतल्या तर वाळत नाहीत.

२०२३ च्या दिवाळीसाठी मोठ्या ६४ गोधड्यांच्या ऑर्डरी आल्या. वेळेत गेल्या ४१.

अडचण

तक्रारी दोन होत्या, एक उशिराची आणि दुसरी चुण्यांची. उशिराची निस्तरता येते, पैसे थोडे कमी घ्यायचे. चुण्यांचं तसं नाही. त्या मोसमात तीन गोधड्या परत आल्या, तिन्हींच्या पाठीला चुण्या. त्यातली एक वारलेल्या आईच्या इरकलीची होती. ती बाई भांडली नाही. गोधडी उलटी करून टेबलावर ठेवली आणि नुसती हात फिरवत उभी राहिली. थोरल्या म्हणतात, चार शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

चुण्या पडतात कशा, हे मी तिथे उभं राहून पाहिलंय. जुकीच्या मानेखाली सुईपासून खांबापर्यंत दहा-अकरा इंचांची जागा. त्यातून ९० बाय १०० इंचांची पाच थरांची गोधडी न्यायची. मग उजवीकडची निम्मी गोधडी घट्ट गुंडाळून त्या फटीत सारायची, डावीकडची खांद्यावर टाकायची, आणि मधली एक वीत शिवायची. मशिनीचे दाते फक्त खालच्या थराला ओढतात. वरचा थर पायाखाली घासत मागे रेंगाळतो. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत दोन्हींत अर्ध्या इंचाचा फरक. कच्चा दोरा जवळजवळ घातला असेल तर थर एकमेकांना धरून राहतात. तो सैल पडला की चुणी बसलीच. आणि दिवाळीच्या घाईत तो सैलच पडतो.

धाकटीच्या डोक्यात उपाय तयार होता: मोठी क्विल्टिंग मशीन. परदेशात ज्याला लाँगआर्म म्हणतात ती. १८ ते ३० इंचांपर्यंतची लांब मान, आणि मशीन रुळांवर. कापड ताणून फ्रेमवर बसवलेलं असतं, ते हलत नाही. शिवणारी बाई दोन मुठी धरून मशीनच कापडावरून फिरवते. चाकांना लावलेले सेन्सर मशीन किती सरकली ते मोजतात आणि सुईचा वेग त्याप्रमाणे राखतात. हात जोरात जावो की हळू, इंचाला १० टाके म्हणजे १०. धाकटीने हे सगळं फोनवर पाहिलेलं. पण लाखो रुपयांची वस्तू फोनवर बघून घ्यायची नाही, एवढं दोघींचं एकमत होतं. म्हणून आधी प्रदर्शन बघायचं ठरलं. तीन लाख रुपये बाजूला काढले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मला बोलावणं आलं: “काका, कुठल्या प्रदर्शनाला जायचं ते तुम्ही सांगा.”

समोरचे पर्याय

सगळ्यात वर होतं ह्यूस्टन. थोरल्यांचा पुतण्या डॅलसला असतो, तिथून ह्यूस्टन गाडीने चारेक तास. इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल तिथल्या जॉर्ज आर. ब्राऊन कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो, १९७० च्या दशकापासून. मांडलेल्या गोधड्या, यंत्रांचे गाळे, हाताने करून बघायचे वर्ग, सगळं एका छताखाली. पुतण्याने व्हिडिओ पाठवला होता आणि तो नऊच्या नऊ बायकांनी पाहिला होता. थोरल्यांचं मन तिथेच होतं, आणि खरं सांगायचं तर ते मशीनसाठी नव्हतं. आपण जे जमिनीवर बसून करतो ते कुणी भिंतीवर टांगतं, त्याला बक्षीस देतं, हे त्यांना एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

केवळ मशीनच्याच क्विल्टिंगचं म्हणावं असं प्रदर्शन म्हणजे मशीन क्विल्टर्स एक्स्पोझिशन. ते अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या मँचेस्टरला वसंतात भरतं. हे नाव निघालं तेव्हा जरा हशा झाला. धाकटीचं माहेर इचलकरंजीचं, वडिलांचे माग होते, आणि इचलकरंजीला सगळे महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. “मग मी माहेरीच जाते की!” गंमत अशी की अमेरिकेतलं ते मँचेस्टरसुद्धा खरोखर गिरणगाव, ॲमॉस्केग कंपनीच्या अवाढव्य कापड गिरण्या तिथे होत्या. पण एप्रिल दोन महिन्यांवर, आणि अमेरिकेच्या व्हिसाला पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला मुंबईत मुलाखतीची तारीखच कित्येक महिन्यांनंतरची मिळत होती. केंटकीतलं पडुका हे तर क्विल्टचंच गाव, तिथे राष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयही आहे. पण त्याचंही प्रदर्शन एप्रिलमध्येच. दोन्हींवर काट मारली.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स २०२४ मध्ये १ ते ४ ऑगस्टला होतं. विमानतळ, रेल्वे स्टेशन आणि प्रदर्शनाचं आवार एकमेकांना लागून, म्हणजे परक्या गावात फिरणं नाही. ऑगस्टमध्ये यांच्याकडे काम नाही. ओळखीचं मात्र तिथे कुणी नाही, आणि दोघींचा खर्च काढला तर तीन लाखांतले फार तर पंधरा-वीस हजार उरत होते.

देशातले तीन पर्याय मी जोडले. चेन्नईत २०१९ मध्ये इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला. तो गोधडी करणाऱ्यांचा उत्सव. पुन्हा भरेल तेव्हा जायचंच, पण यंत्र निवडायला नव्हे, असं म्हणून तो बाजूला ठेवला. जुलैत मुंबईला गोरेगावच्या नेस्कोत एचजीएच इंडिया असतं, घरगुती कापडमालाचं व्यापारी प्रदर्शन. महालक्ष्मीने रात्री निघालं की सकाळी दादरला. पण तिथे चादरी-रजया विकणारे भेटतात, त्या शिवणारी यंत्रं नाही. तिसरा पर्याय फेब्रुवारी २०२५ चा: भारत टेक्स या वस्त्रोद्योगाच्या मोठ्या प्रदर्शनाला जोडून दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात १२ ते १५ तारखांना कपडे शिवायच्या यंत्रांचं प्रदर्शन होणार होतं. वर्षभर थांबावं लागणार, आणि थोरल्यांच्या भाषेत “तिथं बघायला काय, तर लोखंड.”

पहिला निर्णय, आणि माझी चूक

बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला तक्ता केल्याशिवाय चैन पडत नाही. प्रदर्शनं उभी, पाच निकष आडवे: आकार, यंत्रांची संख्या, शिकायची सोय, खर्च, तारखा. प्रत्येकाला दहापैकी गुण. ह्यूस्टनला ५० पैकी ३८, ग्रेटर नोएडाला २४. कागद छान दिसत होता. थोरल्यांनी तो घडी घालून देवघरात ठेवला, आणि दोघींनी पासपोर्टचे अर्ज भरले.

चूक कुठे होती ते आता सरळ दिसतं. मी प्रदर्शनांना गुण दिले; यांना काय विचारायचंय ते कुठे लिहिलंच नाही. निकषांपैकी तीन तर एकाच गोष्टीची वेगवेगळी नावं होती: प्रदर्शन मोठं की लहान. जे मोठं तिथे यंत्रं जास्त, वर्ग जास्त. मग ह्यूस्टन पहिलं येणारच, त्याला तक्ता कशाला लागतो?

तारखांचं तर मी बघूनही बघितलं नव्हतं. २०२४ चं ह्यूस्टन ३१ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर. त्या वर्षी ३१ ला नरकचतुर्दशी, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. म्हणजे ज्या आठवड्यात ऑर्डरी द्यायच्या त्या आठवड्यात दोघी मालकिणी टेक्सासला. हे धाकटीच्या नवऱ्याने जेवताना दाखवून दिलं, घरातल्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून.

मग ह्यूस्टन गेलं आणि त्याच तक्त्यातलं दुसरं नाव, बर्मिंगहॅम, आपोआप वर आलं. इथे प्रकरणाला वळण मिळालं ते सासूबाईंमुळे. त्या पलंगावरून हे सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “काय बघाया चाललाय तिकडं? सुई पळती ती? सुई इथं बी पळती की. वाकळ पसराया दोघी लागतात आन् एकीचं गुडघं जातात, त्येचं काय करणार हाय ते इचारा.”

घड्याळ लावलेला आठवडा

त्या वाक्यावर मी घरी जाऊन विचार केला आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलाशेजारी टांगलं. एप्रिलचे सहा दिवस प्रत्येक कामाची वेळ लिहायची, बास. बायका आधी बिचकल्या. त्यांना वाटलं, पगाराचं काहीतरी आहे. तसं नाही हे पटवायला पहिला दिवस गेला आणि त्या दिवसाचे आकडे मी टाकूनच दिले.

६० बाय ९० इंचांच्या एका गोधडीचा हिशेब असा निघाला. साड्या उसवणं, इस्त्री आणि कापणं १ तास ४० मिनिटं. वरचा थर जोडणं २ तास १०. थर पसरून कच्चा दोरा घालणं दोघींना २ तास २०, म्हणजे दोघींचा वेळ मिळून ४ तास ४०. मशीनवर शिवणं साडेतीन तास. कच्चा दोरा काढणं आणि गोट लावणं १ तास २५. एकूण १३ तास २५ मिनिटं.

त्या साडेतीन तासांत सुई प्रत्यक्ष चालत होती सव्वा तास. बाकी वेळ गुंडाळी सोडणं, फिरवणं, पुन्हा गुंडाळणं. आणि सगळ्यात मोठा तुकडा होता जमिनीवरचा: दोघी उकिडव्या बसून, पाठीचं कापड चिकटपट्टीने फरशीला ताणून, मधल्या साड्यांच्या सुरकुत्या तळहाताने बाहेर सारत. वेगाचा प्रश्न आणि चुण्यांचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. दोन्ही त्या फरशीवर सुरू होत होते.

धाकटी आकड्यांकडे बघत म्हणाली, “अक्का, फ्रेमवरच्या मशीनला कच्चा दोरा लागतच नाही गं.” बरोबर होतं ते. लाँगआर्मच्या फ्रेमवर थर लाटांवर, म्हणजे आडव्या गोल दांड्यांवर, ताणलेले असतात, ते सरकायला जागाच नसते, म्हणून टाचायचं काम उरत नाही. आम्ही तिघंही या यंत्राकडे दोन महिने बघत होतो ते त्याच्या सुईसाठी. त्याची खरी किंमत त्याच्या चौकटीत होती.

दुसरा निर्णय

यावेळी तक्ता नाही. एका वहीच्या पानावर तीन प्रश्न लिहिले. आमच्या साड्यांचे कमीजास्त जाडीचे थर, त्यात जरीचा काठ, हे त्या यंत्रावर बिनचूक शिवतं का? आमच्या हॉलमध्ये ते मावतं का? इथे बिघडलं तर दुरुस्त कोण करणार?

मग प्रदर्शनं पुन्हा तपासली. पहिल्या प्रश्नाचं उत्तर परदेशातही मिळालं असतं, पाच थरांचा नमुना विमानातून नेऊन. तिसऱ्याचं मिळालं नसतं. त्यात अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिथे हात लावून पाहिलेलं यंत्र जसंच्या तसं इथे चालेल असंही नाही. या प्रश्नांसाठी ग्रेटर नोएडा बरं होतं. तिथला विक्रेता इथला असणार, त्याला फोन करता येणार.

थोरल्यांना हे पटायला वेळ लागला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आयुष्यात एकदा जायचं ठरवलं आणि आता तिथेही लोखंडच बघायचं? मी गप्प बसलो. धाकटीने मध्य काढला: मशीनचं जाणं वेगळं आणि अक्काचं जाणं वेगळं. तीन लाखांतून मशीनच्या शोधासाठी खर्चायचे ते एक लाखाच्या आत, आणि पासपोर्ट येऊ द्यायचे. मे महिन्यात हे ठरलं.

ते बरं झालं हे जुलैत कळलं. महिनाअखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. यांच्याकडच्या दोघी प्रयाग चिखलीच्या. घरची जनावरं हलवून त्या लेकराबाळांसह या हॉलमध्येच राहायला आल्या. बर्मिंगहॅमची तिकिटं काढलेली असती तर त्याच आठवड्यात निघायचं होतं. याला शहाणपण म्हणता येणार नाही. दैव म्हणा.

ग्रेटर नोएडातले दोन दिवस

कोल्हापूरहून हजरत निजामुद्दीनला आठवड्यातून एकदा गाडी सुटते, तिने दोघी गेल्या आणि गुरुवार-शुक्रवार प्रदर्शनात काढले. सोबत पिशवीत तीन नमुने, प्रत्येक मीटरभर रुंद: एक सुती साड्यांचा, एक सुती आणि नायलॉन मिसळलेला, एक मुद्दाम मधोमध जरीचा काठ घेतलेला. तिन्ही घरीच कच्च्या दोऱ्याने टाचलेले.

रजया आणि गाद्यांच्या खोळी शिवणारी मल्टिनीडल, म्हणजे एकाच वेळी अनेक सुया चालणारी यंत्रं त्यांनी लांबूनच सोडली. त्यांना कापड ताग्याने लागतं, सगळं एकसारखं आणि दिवसाला शेकड्यांनी. यांच्याकडे एक साडी दुसरीसारखी नसते. त्यांचं लक्ष होतं एका सुईच्या, चौकटीवर चालणाऱ्या संगणकी यंत्राकडे. गाळ्यावरच्या मुलाने पॉलिएस्टर कापड आणि फायबर लावून कमळाचं डिझाइन सात मिनिटांत काढून दाखवलं. धाकटीने पिशवी उघडली. तो म्हणाला, मॅडम, हे नको. तिने हट्टच धरला. सुती नमुना चांगला गेला. दुसरा बरा गेला. जरीच्या काठावर सुई चढली तशी टक्-टक् असा आवाज आला, पाच-सहा टाके सुटले आणि दोरा तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा सुई मोडली. त्या मुलाचा दोष नव्हता आणि यंत्राचाही असेल असं नाही. ते एकसारख्या मालासाठी बनवलेलं आहे. पण गोधडीत जरीचा काठ हवाच असतो. गिऱ्हाईक त्याच्यासाठीच तर साडी आणतं.

थोरल्या त्या वेळात दुसरीकडेच बघत उभ्या होत्या. यंत्राकडे पाठ, चौकटीकडे तोंड. गाळ्यावरच्या माणसाने लहान तुकडा लावताना काय केलं ते त्यांनी टिपलं: खालचं कापड तेवढं लाटांवर ताणलं, आणि बाकीचे थर त्याच्यावर नुसते अंथरले. परदेशातल्या क्विल्ट करणाऱ्या बाया याला वरचा थर तरंगता ठेवणं म्हणतात, हे धाकटीला माहीत होतं. थोरल्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, “मग मधल्या फाटक्या साड्यासुद्धा चालतील की?” आमच्या गोधडीच्या पोटात अखंड साडी थोडीच असते. लुगड्याचे धड राहिलेले तुकडे असतात, ते लाटेवर गुंडाळता येत नाहीत. पण अंथरता येतात.

मार्चमध्ये बंगळूरला गेल्या, एकीकडून ओळख काढून. तिथे एक बाई स्वतःच्या घरी हाताने फिरवायचं लाँगआर्म चालवतात. त्यांनी एक अख्खा दिवस सहा हजार रुपयांत दिला. १८ नंबरची सुई घालून, काठाशी आल्यावर हात हळू करून, जरीचा नमुना बिनचूक निघाला. धाकटीचा चेहरा बघण्यासारखा होता, असं थोरल्या सांगतात. किंमत मात्र मशीन आणि फ्रेम मिळून यांच्या तीन लाखांच्या चौपटीपुढे. आणि दहा फुटांची फ्रेम, तिच्या दोन्ही बाजूंनी चालायला जागा, म्हणजे कापायचं टेबल हॉलबाहेर.

निष्पत्ती

मशीन घेतलं नाही. निदान अजून तरी.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका फॅब्रिकेटरकडे थोरल्या वहीतलं चित्र घेऊन गेल्या. दोन लोखंडी पाइपांच्या लाटा, प्रत्येकी नऊ फुटांच्या. कमरेएवढ्या उंचीचा सांगाडा. लाट उलटी फिरू नये म्हणून टोकाला दातेरी चाक आणि खिटी. हवं तेव्हा सुटं करून भिंतीला लावता येतं. पहिल्या खेपेला पाइप मधे झोळ धरत होता. त्याने जाड पाइप घातला. दुसऱ्यांदा खिटी निसटत होती, तीही बदलली. एकूण २३,५०० रुपये. आता पाठीचं कापड लाटांवर ताणतात, वर साड्यांचे तुकडे अंथरतात, सगळ्यात वर जोडलेला थर, आणि एकच बाई उभ्याने, लांब टाक्यांनी कच्चा दोरा घालत जाते. पूर्वी दोघींचे मिळून ४ तास ४० लागायचे, आता एकीचे १ तास ५०. शिवण त्याच जुन्या जुकीवर होते.

दिल्लीचा खर्च दोघींचा ३१,४००, बंगळूरचा ११,२००, चौकट धरून सगळे ६६,१००. २०२५ च्या दिवाळीला त्यांनी मुद्दाम ५८ च ऑर्डरी घेतल्या आणि ५५ वेळेत दिल्या. चुण्यांसाठी एक गोधडी परत आली. ती ९० बाय १०० ची होती. एवढी मोठी असली की जुकीच्या मानेतून जाताना टाचलेले थरही सरकतात. ती अडचण तशीच आहे आणि लाँगआर्मशिवाय ती पूर्ण जाईल असं मला वाटत नाही. धाकटीने त्यासाठी वेगळं खातं उघडलंय.

सासूबाईंनी चौकट बघितली, लाट एकदा फिरवून पाहिली, आणि पुन्हा आपल्या जागी जमिनीवर बसल्या.

वेगळं काय करता आलं असतं

घड्याळाचा आठवडा सगळ्यात आधी हवा होता, हे उघड आहे. दोन महिने आम्ही कुठे जायचं यावर बोललो आणि कशासाठी यावर सहा दिवस. त्यातला बराच दोष माझ्या तक्त्याचा.

बंगळूरचा दिवस दिल्लीच्या आधी घ्यायला हवा होता. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्याकडे पैसे देऊन एक दिवस काम करणं हा पर्याय यादीत नव्हताच, कारण यादीचं नावच ‘प्रदर्शनं’ होतं. ते आधी केलं असतं तर जरीच्या काठाचा धडा घरातून निघतानाच माहीत असता. पण मग थोरल्या त्या गाळ्यावर उभ्या राहिल्या असत्या का, आणि लाटांवर तरंगता थर त्यांना दिसला असता का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. धाकटी म्हणते बंगळूरलाही फ्रेमच होती. थोरल्या म्हणतात, तिथे मी तुझ्या हाताकडे बघत होते.

आजूबाजूला बघितलं नाही, ही तिसरी गोष्ट. बेळगावच्या पलीकडे, हल्याळ-यल्लापूर भागातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात ती कडेपासून मध्याकडे, एकेक तुकडा दुमडून जागच्या जागी पक्का करत. वेगळं टाचणं त्यात नाही. ती पद्धत मशीनला लागू पडली नसती कदाचित, पण प्रश्न तोच होता आणि तो कुणीतरी आधीच सोडवलेला होता. आणखी जवळचं सांगायचं तर यांच्या वाड्यापासून चालत दहा मिनिटांवर एक सीटकव्हरवाला आहे. त्याच्याकडची मशीन वरून आणि खालून दोन्हीकडून कापड ओढते. रेक्झीन आणि फोमचे थर सरकू नयेत म्हणून. २०२५ च्या पावसाळ्यात धाकटी सहज त्याच्याकडे दुपटं घेऊन गेली. चार ओळी मारल्या, उलटं करून पाहिलं, एक चुणी नाही. तशी एक जुनी मशीन आता हॉलमध्ये आली आहे, दुपट्यांसाठी.

पासपोर्ट २०२४ मध्येच आले. थोरल्यांनी ते माझ्या तक्त्याशेजारी देवघरात ठेवलेत. बर्मिंगहॅमच्या तारखा त्या दर वर्षी मला विचारतात. मशीनचं नाव काढत नाहीत. सोबत काय न्यायचं ते ठरलेलं आहे: सासूबाईंची हाताची एक वाकळ, विकायला नाही, नुसती तिथल्या बायांना दाखवायला. सासूबाई ती अजून शिवतायत.